गुड, नाइस, हॅपीला दुसरा शब्द शोधताय? मग ७३व्या वर्षी 'थिसॉरस' आणणाऱ्या या डॉक्टरची गोष्ट वाचाच

इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की एक अडचण ठरलेली असते. पहिल्या ओळीत 'गुड' येतो, दुसऱ्या ओळीत पुन्हा 'गुड' येतो आणि तिसऱ्या ओळीत 'व्हेरी गुड' लिहून आपण मोकळे होतो. नोकरीचा अर्ज असो, परदेशी शिक्षणासाठीचा निबंध असो की इन्स्टाग्रामवरच्या फोटोखाली टाकायचं कॅप्शन असो, तेच तेच शब्द फिरून फिरून येतात.

मग आपण गुगलवर जातो, 'गुड'ला समानार्थी शब्द शोधतो आणि क्षणात वीस-पंचवीस शब्दांची यादी समोर येते.

एका अर्थाच्या आसपासचे शब्द असे एकत्र मांडून ठेवायची पद्धत इंग्रजीत ज्या माणसामुळे घरोघरी पोचली, त्यांचं नाव पीटर मार्क रोजे. स्पेलिंग बघून अनेकजण 'रॉजेट' म्हणतात, पण आडनाव मूळचं फ्रेंच वळणाचं, त्यामुळे उच्चार 'रोजे'.

हा माणूस भाषेचा प्राध्यापक नव्हता, कवी नव्हता, कादंबरीकारही नव्हता. पेशाने डॉक्टर होता. आणि गंमत म्हणजे ज्यांच्या पुस्तकात आज लोक 'सारख्या अर्थाचे शब्द' शोधतात, त्या रोजे यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं की अगदी तंतोतंत सारख्या अर्थाचे दोन शब्द भाषेत सापडणं जवळपास अशक्य आहे.

मग त्यांनी ते पुस्तक केलं तरी कशासाठी? त्यासाठी सुरुवातीपासून बघावं लागेल.

चौथ्या वर्षी वडील गेले, आठव्या वर्षी याद्यांची वही सुरू झाली

१८ जानेवारी १७७९ रोजी लंडनमधल्या सोहो भागात पीटरचा जन्म झाला. वडील जाँ रोजे मूळचे स्वित्झर्लंडमधल्या जिनीव्हाचे. लंडनमध्ये फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंट लोकांच्या चर्चमध्ये ते धर्मोपदेशक होते. आई कॅथरिन ही सॅम्युअल रोमिली यांची बहीण. हे रोमिली पुढे इंग्लंडमधले नावाजलेले वकील आणि खासदार झाले. किरकोळ चोरीलाही फाशी देणारे त्या काळचे कायदे बदलावेत म्हणून ते संसदेत वर्षानुवर्षं भांडले.

पीटर चार वर्षांचा असताना, १७८३ मध्ये, वडील क्षयाने गेले. त्याच वर्षी धाकट्या बहिणीचा, अ‍ॅनेटचा जन्म झाला होता. आई दोन लेकरांना घेऊन आज या गावी, उद्या त्या गावी अशी बिऱ्हाडं बदलत राहिली. कुठेही फार काळ बस्तान बसलं नाही. आधार होता तो सॅम्युअलमामाचा.

अशा सगळ्यात आठेक वर्षांच्या पीटरने एक वही धरली. त्या वहीत तो लॅटिन शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहायचा. पण शाळेत शिकवलेल्या क्रमाने नाही, ए-बी-सी-डीच्या क्रमानेही नाही. प्राण्यांची नावं एकीकडे, शरीराच्या अवयवांची दुसरीकडे, बागेत दिसणाऱ्या गोष्टींची तिसरीकडे. म्हणजे अर्थाप्रमाणे गट पाडलेले.

त्यांचे चरित्रकार या वहीला फार महत्त्व देतात. घर हलत होतं, माणसं जात होती, पण वहीतल्या याद्या जागच्या जागी राहत होत्या. याद्या करणं हा या मुलाचा विसावा होता, असा अंदाज त्यातून बांधला जातो. अंदाज खरा मानायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण याद्या करायची ही सवय त्याला शेवटपर्यंत सुटली नाही एवढं मात्र खरं.

१९व्या वर्षी डॉक्टर, २४व्या वर्षी नेपोलियनच्या तावडीत

१७९३ मध्ये आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला गेली. तिथल्या विद्यापीठात पीटरने चौदाव्या वर्षी प्रवेश घेतला आणि १७९८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो वैद्यकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला.

पण १९ वर्षांच्या पोराकडे औषध घ्यायला कोण येणार? त्यामुळे सुरुवातीची वर्षं इकडे तिकडे हात-पाय मारण्यात गेली. ब्रिस्टलमध्ये डॉक्टर बेडोज यांनी वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे करण्याचे प्रयोग चालवले होते. तिथे तरुण हम्फ्री डेव्ही 'लाफिंग गॅस'वर काम करत होता. कवी कोलरिज आणि कवी सदी यांनीही तो वायू हुंगून पाहिला. रोजे यांनीही पाहिला, पण बाकीच्यांना जी मौज वाटली ती त्यांना काही वाटली नाही. डोकं गरगरलं, अंगातली ताकद गेल्यासारखी झाली, एवढाच अनुभव.

त्यानंतर जेरेमी बेंथम या प्रसिद्ध विचारवंताकडे काही काळ काढला. बेंथम यांना अन्न थंड ठेवून टिकवण्यासाठी एक मोठं शीतघर बांधायचं होतं. ते काम काही तडीस गेलं नाही.

१८०२ मध्ये एक वेगळीच नोकरी मिळाली. मँचेस्टरच्या एका श्रीमंत गिरणीमालकाच्या दोन मुलांना युरोप दाखवायला न्यायचं. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तह झाला होता, त्यामुळे वाटा मोकळ्या होत्या. पॅरिस बघून ही मंडळी जिनीव्हाला पोचली.

आणि १८०३च्या मे महिन्यात तह मोडला. फ्रान्सच्या ताब्यातल्या प्रदेशात असलेल्या १८ ते ६० वर्षांच्या इंग्रज पुरुषांना अडकवून ठेवा, असा नेपोलियनचा हुकूम निघाला. जिनीव्हा तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यात होतं. म्हणजे २४ वर्षांचे रोजे थेट जाळ्यात सापडले.

सुटका झाली ती वडिलांच्या पुण्याईने. वडील जिनीव्हाचे नागरिक होते. त्याचे कागद मिळवून रोजे यांनी आपणही जिनीव्हाचेच आहोत हे अधिकाऱ्यांना पटवून दिलं, आणि मग दोन्ही मुलांना घेऊन आडवाटेने जर्मनी गाठली. वाटेत कुणाला संशय येऊ नये म्हणून तोंडातून इंग्रजी शब्द बाहेर पडू न देण्याची खबरदारी घ्यावी लागली. पुढे इंग्रजी शब्दांचा खजिना म्हणून ज्यांचं नाव झालं, त्यांचा जीव असा इंग्रजी न बोलल्यामुळे वाचला.

त्यांच्या ओळखीतला लॉव्हेल एजवर्थ नावाचा तरुण एवढा नशीबवान नव्हता. तो अडकला तो १८१४ पर्यंत, म्हणजे तब्बल ११ वर्षं.

१८०५ ची वही, जी ४७ वर्षं कपाटात राहिली

इंग्लंडला परतल्यावर १८०४ मध्ये रोजे मँचेस्टरच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून लागले. व्याख्यानं द्यायची, लेख लिहायचे, आणि प्रत्येक वेळी तीच अडचण. मनात काय म्हणायचंय ते पक्कं असायचं, पण नेमका शब्द हाताशी यायचा नाही.

म्हणून १८०५ मध्ये त्यांनी स्वतःपुरती एक वही केली. अर्थाप्रमाणे गट पाडून शब्द मांडलेले. लहानपणीचीच सवय, फक्त आता शब्द मोठ्या माणसाचे होते.

ही वही छापायची आहे असं त्यांनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. काही लिहायला बसलं की ती काढायची, हवा तो शब्द शोधायचा आणि पुन्हा ठेवून द्यायची. पुस्तक निघायला मध्ये ४७ वर्षं गेली. या ४७ वर्षांत त्यांनी जे केलं, त्यावरच त्यांचं नाव राहायला हरकत नव्हती.

१८०८ मध्ये ते लंडनला आले. १८१४ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एका नव्या प्रकारच्या स्लाइड रूलची माहिती मांडली. स्लाइड रूल म्हणजे सरकत्या पट्ट्यांचं गणन-यंत्र. रोजे यांच्या पट्टीवर संख्यांचे घात आणि मुळं काढता येत होती. पुढे कॅल्क्युलेटर येईपर्यंत इंजिनिअर लोकांनी या कल्पनेवर आधारलेल्या पट्ट्या वापरल्या. १८१५ मध्ये ते सोसायटीचे सदस्य झाले.

१८२४ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध वाचला. उभ्या फटींमधून धावत्या गाडीचं चाक पाहिलं तर त्याचे आरे वाकडे का दिसतात, या विषयावरचा. डोळ्यांवर पडलेली प्रतिमा क्षणभर टिकते, या मुद्द्यावर त्यांनी उत्तर बेतलं होतं. सिनेमाच्या पूर्वेतिहासात या निबंधाचं नाव आजही घेतलं जातं.

१८२७ ते १८४८ अशी २१ वर्षं ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. लंडनच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी करायला सरकारने नेमलेल्या आयोगावर होते. प्राणी आणि वनस्पतींच्या शरीररचनेवर १८३४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. जीवसृष्टीचे वर्ग, पोटवर्ग, जाती अशी उतरंड त्यांच्या हाताखालून रोज जात होती. शब्दांची उतरंड कशी लावायची याची तालीम इथेच झाली असं म्हणता येईल.

मामाचा शेवट आणि बायकोचं जाणं

बाहेरून इतकं नीटनेटकं दिसणारं हे आयुष्य आतून मात्र हादरे खात होतं.

२९ ऑक्टोबर १८१८ रोजी सॅम्युअलमामाची पत्नी वारली. हा धक्का मामांना सोसला नाही. चारच दिवसांत, २ नोव्हेंबरला, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्या दिवसांत त्यांची देखभाल करणारा डॉक्टर दुसरा कुणी नव्हता, रोजेच होते. ज्यांनी बापाच्या जागी उभं राहून वाढवलं, त्यांनाच ते वाचवू शकले नाहीत.

रोजे यांचं लग्न बरंच उशिरा, १८२४ मध्ये, ४५व्या वर्षी झालं. पत्नी मेरी त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. केट आणि जॉन अशी दोन मुलं झाली. आणि १८३३ मध्ये मेरी कर्करोगाने गेली. संसार जेमतेम नऊ वर्षांचा.

घरी ही दुःखं, तर रॉयल सोसायटीत पदकं कुणाला द्यायची, कुणाचे निबंध नाकारायचे यावरून वाद. सचिव म्हणून रोजे यांच्यावरही टीका झाली. अशा वातावरणात त्यांनी १८४८ मध्ये ते पद सोडलं. वय जवळपास ७०.

आणि मग त्यांनी १८०५ ची ती जुनी वही बाहेर काढली.

थिसॉरस म्हणजे नेमकं काय?

१८४९ पासून तीनेक वर्षं त्यांनी त्या वहीवर काम केलं. मे १८५२ मध्ये लंडनच्या लाँगमन प्रकाशनाने पुस्तक बाजारात आणलं. पहिल्या खेपेला १००० प्रती. लेखकाचं वय ७३. 'थिसॉरस' हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेला, अर्थ खजिना.

आता हे साध्या डिक्शनरीपेक्षा वेगळं कसं? मराठीतलंच उदाहरण घ्या.

'झड' हा शब्द तुम्ही वाचला आणि अर्थ कळला नाही, तर शब्दकोश उघडायचा. तो सांगेल की खूप वेळ सतत पडत राहणारा पाऊस म्हणजे झड. पण समजा उलटं झालं. दोन दिवस पाऊस थांबलेला नाही, त्याला एक छान शब्द आहे हे आठवतंय, पण तो शब्दच आठवत नाही. मग शब्दकोश कुठल्या अक्षराला उघडणार? तिथे हवं असं पुस्तक, ज्यात 'पाऊस' या एकाच घरात भुरभुर, रिमझिम, सर, वळीव, झड, मुसळधार असे सगळे शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत. नजर फिरवायची आणि हवा तो उचलायचा.

शब्दकोश शब्दाकडून अर्थाकडे नेतो. थिसॉरस अर्थाकडून शब्दाकडे.

रोजे यांनी माणसाच्या मनात येणाऱ्या सगळ्या कल्पनांचे सहा वर्ग केले. अमूर्त संबंध, अवकाश, पदार्थ, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. त्याखाली पोटवर्ग, आणि त्याखाली एकूण १००० शीर्षकं. पहिलं शीर्षक 'अस्तित्व', शेवटचं प्रार्थनास्थळाचं. विरुद्ध कल्पना पानावर समोरासमोर छापल्या होत्या. म्हणजे 'अस्तित्व'च्या शेजारीच 'अभाव'. शब्दांचे अर्थ मात्र कुठेच दिले नव्हते.

ही चूक नव्हती, ते मुद्दाम होतं. त्याआधीही इंग्रजीत समानार्थी शब्दांची पुस्तकं होती. हेस्टर पिओझी यांचं १७९४ मध्ये आलं होतं, जॉर्ज क्रॅब यांचं १८१६ मध्ये. पण त्यात थोडे शब्द घेऊन त्यांच्यातला फरक समजावून सांगितलेला असायचा. रोजे यांनी समजावणं सोडून दिलं. फरक वाचणाऱ्याला माहीत आहे, फक्त शब्द या क्षणी जिभेवर येत नाहीये, असं त्यांनी गृहीत धरलं. आपलं काम शब्द समोर आणून ठेवण्याचं, निवडायचं काम लिहिणाऱ्याचं.

अमरकोशावरून उचललं का?

हे सगळं वाचताना संस्कृत शिकलेल्यांना अमरकोश आठवला असेल. अमरसिंहाचा हा कोश तीन कांडांचा, श्लोकांत बांधलेला. त्यात देवांची नावं एकत्र, पाण्याची एकत्र, झाडांची एकत्र. पाठशाळेत पोरांनी तो तोंडपाठ करायचा, अशी आपल्याकडची शेकडो वर्षांची रीत.

रोजे यांना अमरकोश माहीत होता. आपल्या प्रस्तावनेत त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे, आणि अर्थानुसार शब्द लावण्याचा आपल्याला माहीत असलेला सगळ्यात जुना प्रयत्न तोच, असं सांगितलं आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०८ मध्ये छापलेलं हेन्री कोलब्रुक यांचं भाषांतर त्यांनी पाहिलं होतं. मात्र त्यांना ती मांडणी विस्कळीत वाटली, विशेषतः मनाच्या व्यापारांशी संबंधित अमूर्त शब्दांची.

तारखा नीट पाहा. रोजे यांची पहिली वही १८०५ ची, कोलब्रुक यांचं भाषांतर छापलं गेलं १८०८ मध्ये. म्हणजे त्या भाषांतरावरून वही तयार झाली असं म्हणता येत नाही. पण अर्थाप्रमाणे शब्दांची घरं बांधायची कल्पना भारतात कितीतरी शतकं आधी प्रत्यक्षात आली होती, हे मात्र खुद्द रोजे यांनीच छापून ठेवलं आहे. अमरकोश पाठ करण्यासाठी होता, थिसॉरस हाताशी ठेवून चाळण्यासाठी. त्यामुळे दोन्हींची बांधणी वेगळी झाली.

पुढे काय झालं?

पुस्तक चाललं. इतकं चाललं की रोजे यांच्या हयातीतच त्याची पुन्हा पुन्हा छपाई होत राहिली. ते मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. नवे शब्द घालायचे, जुने हलवायचे, हे काम शेवटपर्यंत चालू होतं. १२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट मॅल्व्हर्न इथे ते वारले तेव्हा वय ९० होतं आणि वाढवलेल्या आवृत्तीचं काम अर्धवट होतं.

ते पूर्ण केलं मुलाने. जॉन लुईस रोजे यांची आवृत्ती १८७९ मध्ये निघाली. त्यांनी मागची अकारविल्हे सूची भरपूर वाढवली. लोक सहा वर्गांच्या जिन्याने वर चढत नाहीत, सरळ मागची सूची उघडून शब्द शोधतात, हे तोवर दिसून आलं होतं. त्यांच्यानंतर नातू सॅम्युअल रोमिली रोजे यांनी काम सांभाळलं. सॅम्युअलमामाचं नाव असं चौथ्या पिढीपर्यंत आलं.

१९२० च्या दशकात शब्दकोड्यांचं वेड आलं आणि थिसॉरसचा खप आणखी वाढला. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये मार्गारेट मास्टरमन आणि त्यांचे सहकारी कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घ्यायचे प्रयोग करत होते, तेव्हा यंत्राला शब्दांचे अर्थसंबंध कळावेत म्हणून त्यांनी थिसॉरसचीच मदत घेतली.

आपल्याकडे या पुस्तकाचा सगळ्यात मोठा परिणाम घडला तो मुंबईत. 'माधुरी' या हिंदी सिनेपाक्षिकाचे संपादक अरविंद कुमार तरुणपणापासून रोजे यांचा थिसॉरस वापरत होते. हिंदीत असं काही का नाही, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९७६ मध्ये त्यांनी आणि पत्नी कुसुम कुमार यांनी काम सुरू केलं. दोनच वर्षांत अरविंद कुमार यांनी संपादकाची खुर्चीही सोडली. रोजे यांचा साचा हिंदीला तसाच्या तसा बसत नाही आणि अमरकोशाचाही आजच्या काळाला पुरत नाही, हे लक्षात आल्यावर दोघांनी स्वतःची मांडणी केली. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, 'समांतर कोश' प्रसिद्ध झाला.

मग आपण यातून काय घ्यायचं?

आज मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ-सेव्हन दाबलं की थिसॉरस उघडतो. मोबाइलवर तर तेवढेही कष्ट नाहीत. पण रोजे यांनी जी गोष्ट वाचणाऱ्यावर सोडली होती, ती आजही आपल्यावरच आहे.

'फेमस'च्या शेजारी 'नोटोरियस' दिसतो. दोन्ही नावाजलेलेच, पण दुसरा वाईट कामांसाठी. साहेबांच्या निरोप समारंभाच्या भाषणात तो घातला तर काय होईल याचा विचार करा. 'स्लिम' म्हटलं तर समोरचा खूश होतो, 'स्किनी' म्हटलं तर हाडं मोजल्यासारखं वाटतं. 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणजे खिशाला परवडणारं, 'चीप' म्हटलं की वस्तूच हलकी ठरते. 'चाइल्डलाइक' म्हणजे लहान मुलासारखा निरागस, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. 'हॅपी' माणूस उड्या मारत असेल, 'कंटेंट' माणूस शांत बसलेला असतो.

त्यामुळे यादीतला सगळ्यात भारदस्त शब्द उचलून वाक्यात चिकटवू नका. आधीपासून ओळखीचा असलेला, फक्त त्या क्षणी न आठवलेला शब्द दिसला तर बिनधास्त घ्या. पहिल्यांदाच दिसलेला शब्द असेल तर डिक्शनरीत त्याचा अर्थ बघा, तो वापरलेली दोन-चार वाक्यं वाचा आणि मगच ठरवा. आणि 'गुड'च बरोबर बसत असेल, तर 'गुड'च राहू द्या.